अस्सल बरहुकूम : मेनफ्रेमवरील नकलेचा प्रश्न

जुन्या मराठी दफ्तरांत मूळ कागदाला अस्सल म्हणत, त्यावरून उतरून घेतलेल्या कागदाला नक्कल म्हणत, आणि उतारा मुळाशी तंतोतंत जुळतो याची ग्वाही देताना 'अस्सल बरहुकूम' हे शब्द वापरले जात. मुळाप्रमाणे म्हणजे मुळातील नेमक्या कशाप्रमाणे, हा प्रश्न उतारा करणाऱ्या कारकुनाला क्वचितच पडत असे, कारण मजकूर, तारीख आणि शिक्क्याचा उल्लेख उतरला की त्याचे काम संपत असे. बँका, विमा कंपन्या आणि विमानसेवा यांचे व्यवहार पोटात घेऊन बसलेल्या मेनफ्रेम संगणकांवर मात्र हाच प्रश्न नकलेच्या प्रत्येक कामापूर्वी सोडवावा लागतो. तेथे नक्कल करणारा एकच एक आदेश नाही, त्या कामाचे अर्धा डझन तरी प्रोग्रॅम आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाची 'मूळ' या शब्दाची समजूत निराळी आहे. यांपैकी कोणता प्रोग्रॅम अधिक वेगवान, अशी चर्चा या क्षेत्रात नेहमी होते. पण वेग हा निवडीचा दुसरा निकष आहे. नकलेत काय टिकलेच पाहिजे आणि काय सुटले तरी चालेल, हा पहिला.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली आणि तिच्यासाठी ओएस/३६० ही कार्यप्रणाली बांधली. आजची झेड/ओएस ही तिचीच वंशज. या घराण्यात माहितीच्या साठ्याला 'डेटासेट' म्हणतात, आणि त्याची घडण घरगुती संगणकावरील फाइलपेक्षा मुळातच वेगळी असते. युनिक्स किंवा विंडोज यांच्या दृष्टीने फाइल ही बाइटांची सलग माळ असते आणि त्या माळेचा अर्थ लावण्याचे काम फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅमवर सोपवलेले असते. डेटासेटमध्ये मात्र प्रत्येक नोंद किती लांबीची, सर्व नोंदी समान लांबीच्या की कमीअधिक, आणि किती नोंदींचा गठ्ठा करून तो तबकडीवर एका वेळी लिहायचा, हे कार्यप्रणालीलाच ठाऊक असते. या गठ्ठ्याला ब्लॉक म्हणतात. डेटासेटचे नाव जास्तीत जास्त ४४ अक्षरांचे असते, त्यातील टिंबांनी तोडलेला प्रत्येक भाग आठ अक्षरांपुरता असतो, आणि ते नाव कोणत्या तबकडीवर सापडेल याची नोंद कॅटलॉग नावाच्या सूचीत असते. म्हणजे मजकूर, नोंदींची मापे, ब्लॉकचे माप, तबकडीवरील जागा आणि सूचीतील नाव अशा पाच गोष्टी मिळून डेटासेट बनतो, आणि नक्कल करताना यांतील किती बरोबर न्यायच्या हे ठरवावे लागते.

ही कामे करणाऱ्या तयार प्रोग्रॅमना 'युटिलिटी' म्हणतात आणि त्यांच्या नावांची पहिली तीन अक्षरे त्यांचे कूळ सांगतात. आयईबीने सुरू होणारे प्रोग्रॅम डेटासेटच्या आतील मजकुराशी संबंधित, आयईएचने सुरू होणारे संपूर्ण प्रणालीच्या व्यवस्थेशी संबंधित, आयडीसी हे व्हीसॅम या साठवणपद्धतीचे, आयसीई हे डीएफसॉर्ट या वर्गवारी करणाऱ्या प्रोग्रॅमचे आणि एडीआर हे डीएफएसएमएस-डीएसएस या तबकड्या हलवणाऱ्या प्रोग्रॅमचे. याच मालिकेतील आयईएफबीआर१४ हा प्रोग्रॅम काहीच करत नाही, तो बोलावणाऱ्याकडे तत्काळ परत जातो. पण काही न करणाऱ्या या प्रोग्रॅममध्येही आरंभी चूक होती, कारण काम सुरळीत झाल्याचा शून्य हा आकडा परत जाण्यापूर्वी नियत जागी ठेवायला तो विसरत असे आणि तेथे आधीपासून जे काही पडलेले असेल तेच निकाल म्हणून पुढे जाई. नकलेच्या विषयाशी या प्रोग्रॅमचा थेट संबंध नाही. पण युटिलिटीने दिलेला निकाल आणि तिने केलेले काम या दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात, ही सवय मेनफ्रेमवर काम करणाऱ्यांना फार लवकर का लागते, हे त्यावरून कळते.

नक्कल करणाऱ्या युटिलिटींतील एक फार जुनी आणि आजही सर्वाधिक ओळखीची म्हणजे आयईबीजेनर. तिला चार दारे असतात आणि ती जेसीएल या कामे नेमून देणाऱ्या भाषेतील डीडी वाक्यांनी उघडतात: सिसयूटी१ हे मुळाचे, सिसयूटी२ हे नकलेचे, सिसइन हे सूचनांचे आणि सिसप्रिंट हे तिने काय केले त्याच्या अहवालाचे. सरळ नक्कल हवी असेल तर सिसइनपुढे 'डमी' असे लिहितात, म्हणजे सूचना काहीच नाहीत. मग ती पहिल्या दारातून एकेक नोंद घेते, दुसऱ्या दारातून बाहेर सोडते, आणि माहिती संपली की 'प्रोसेसिंग एंडेड अ‍ॅट ईओडी' असे एक वाक्य छापून थांबते. तिच्या नावातील 'जेनर' हे निर्मितीचे द्योतक आहे, कारण सूचना दिल्यास ती नोंदींतील रकाने इकडून तिकडे हलवू शकते आणि एका सलग डेटासेटमधून अनेक भाग पाडू शकते. पण व्यवहारात ती जवळजवळ नेहमी डमीवरच चालवली जाते.

आयईबीजेनरच्या लेखी मूळ म्हणजे नोंदींचा क्रम. नव्या डेटासेटची मापे जेसीएलमध्ये दिलेली नसतील तर ती मुळावरून उचलते आणि तसे केल्याची सूचना आयईबी३५२आय या क्रमांकाने छापते; ही सूचना इतक्या वेळा दिसते की ती वाचणे लोक सोडून देतात, आणि तेथेच नुकसानीला सुरुवात होते. समजा, मुळात ८० बाइटांच्या दहा हजार नोंदी आहेत आणि कोणे एके काळी त्या गठ्ठे न बांधता, एका ब्लॉकमध्ये एकच नोंद अशा रीतीने लिहिल्या गेल्या आहेत. ८० हा आकडा छिद्रपत्राच्या ८० स्तंभांवरून आलेला आहे आणि कार्ड पंच करणारी यंत्रे भंगारात जाऊन दशके लोटली तरी जेसीएलची ओळ अजून तेवढीच लांब असते. आयबीएमच्या ३३९० जातीच्या तबकडीवर एका ट्रॅकमध्ये, म्हणजे एका वर्तुळाकार पट्ट्यात, जास्तीत जास्त ५६,६६४ बाइट मावतात. परंतु प्रत्येक ब्लॉकबरोबर काही जागा व्यवस्थेसाठी खर्ची पडत असल्यामुळे ८० बाइटांचे सुटे ब्लॉक एका ट्रॅकवर ७८ च बसतात. याच नोंदी २७,९२० बाइटांच्या ब्लॉकमध्ये बांधल्या तर एका ब्लॉकमध्ये ३४९ नोंदी आणि ट्रॅकवर असे दोन ब्लॉक, म्हणजे ६९८ नोंदी बसतात. दहा हजार नोंदींना पहिल्या पद्धतीत १२९ ट्रॅक लागतात, दुसरीत १५ ट्रॅक, म्हणजे बरोबर एक सिलिंडर. आणि तबकडीवर एकेक ब्लॉक लिहिण्याचे हेलपाटे दहा हजारांवरून २९ वर येतात. मुळाची मापे इमानाने उचलणारी नक्कल येथे मुळाचा जुना दोषही तितक्याच इमानाने उचलते. नव्या डेटासेटसाठी ब्लॉकचे माप न लिहिता फक्त नोंदीची लांबी व प्रकार लिहावा आणि माप ठरवण्याचे काम प्रणालीवर सोडावे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. तरी जुन्या जेसीएलमध्ये हाताने लिहिलेले ब्लॉकचे आकडे अजून सापडतात.

आयईबीजेनर मंद आहे, ही तक्रार खरी आहे, आणि तिचे कारण ती एका वेळी थोडाच माल उचलते हे आहे. वर्गवारी करणाऱ्या प्रोग्रॅमना तबकडीवरून मोठमोठे हप्ते ओढण्याची कला फार पूर्वीच साधलेली असल्यामुळे, वर्गवारी न करता नुसती नक्कल करण्याचे काम त्यांनाच द्यावे ही कल्पना पुढे आली. आयबीएमच्या डीएफसॉर्टबरोबर त्यासाठी आईसजेनर येतो, आणि सिंकसॉर्टनेही आपली तशी युटिलिटी दिली. आईसजेनर तीच चार दारे वापरतो, सिसइनवर डमी असेल तर काम स्वतः उरकतो, आणि सूचना आढळल्या किंवा काम आपल्या आवाक्याबाहेरचे वाटले तर ते गुपचूप आयईबीजेनरकडे सोपवतो. पुष्कळ केंद्रांत व्यवस्थापक आईसजेनरलाच आयईबीजेनरचे टोपणनाव देऊन ठेवतात, त्यामुळे जुन्या जेसीएलचे एक अक्षरही न बदलता हजारो कामे वेगवान होतात. ही युक्ती हुशारीची आहे, परंतु तिला एक बारीक काटा आहे: लांब नोंद आखूड नोंदीत उतरवण्याची वेळ आल्यास आयईबीजेनर मापे जुळत नसल्याचे सांगून बारा या निकालावर थांबते, तर आईसजेनरने अशी नोंद छाटावी की काम आयईबीजेनरकडे परत द्यावे, हे त्या केंद्रात तो बसवताना निवडलेल्या पर्यायांवर अवलंबून असते. एकच जेसीएल एका केंद्रात थांबते आणि दुसऱ्या केंद्रात नोंदींच्या शेपट्या कापून पुढे जाते, हे त्यामुळे शक्य होते.

या वेगाला पैशाचीही बाजू आहे. मेनफ्रेमवरील अनेक परवान्यांचे मासिक शुल्क प्रक्रियाशक्तीच्या वापराच्या सरकत्या चार तासांच्या सरासरीने गाठलेल्या शिखरावर बेतलेले असते. त्यामुळे रात्रीच्या कामांच्या गर्दीत नकलांवर उधळलेली शक्ती महिनाअखेरीच्या बिलात उमटू शकते.

आतापर्यंतचे विवेचन सलग डेटासेटपुरते झाले. पीडीएस म्हणजे विभाजित डेटासेट हा प्रकार वेगळा असून तो कपाटासारखा असतो: पुढे निर्देशिका आणि मागे आठ अक्षरी नावांचे अनेक सदस्य. प्रोग्रॅमची संहिता, जेसीएल आणि चालवण्यास सिद्ध झालेले प्रोग्रॅम अशाच कपाटांत ठेवतात. आयईबीजेनरला त्यातील एक सदस्य दाखवला तर ती त्याच्या नोंदी उतरवते, पण निर्देशिकेत त्या सदस्यापुढे जे टिपलेले असते त्याकडे पाहत नाही. संहितेच्या बाबतीत तेथे आवृत्तीचा क्रमांक, शेवटच्या बदलाची तारीख व वेळ, ओळींची संख्या आणि बदल करणाऱ्याची ओळख टिपलेली असते. सातबाऱ्याचा उतारा कोऱ्या कागदावर हाताने लिहून घेतला, क्षेत्र आणि खातेदार बरोबर आले, पण फेरफाराचे क्रमांक सोडले, तर जमीन तीच राहते आणि ती कोणाकडून कोणाकडे कशी आली हे मात्र कागदावरून कळेनासे होते. आयईबीजेनरने उतरवलेल्या सदस्याची अवस्था नेमकी तशी असते. संहितेचे नुकसान एवढ्यावर भागते. चालवण्यास सिद्ध असलेल्या प्रोग्रॅमचे, ज्याला लोड मॉड्यूल म्हणतात, भागत नाही, कारण त्याचा प्रारंभबिंदू, त्याचा आकार आणि त्याचे गुणधर्म हे सारे निर्देशिकेतच लिहिलेले असते. नोंदी सगळ्या उतरूनही अशी नक्कल चालवता येत नाही.

म्हणून पीडीएससाठी आयईबीकॉपी ही निराळी युटिलिटी आहे, आणि येथे पर्याय शोधत बसण्यात अर्थ नाही. तिच्या लेखी मूळ म्हणजे सदस्य आणि त्याची निर्देशिकेतील नोंद यांची जोडी. निवडक सदस्य घेणे, काही वगळणे, नाव बदलून ठेवणे, त्याच नावाचा सदस्य पलीकडे असल्यास त्यावर लिहायचे की नाही हे ठरवणे, आणि लोड मॉड्यूल वेगळ्या मापाच्या ब्लॉकमध्ये पुन्हा बांधणे ही तिची नेहमीची कामे आहेत. पीडीएसमधील सदस्य बदलून पुन्हा ठेवला की नवी प्रत शेवटी लिहिली जाते आणि जुन्या प्रतीची जागा तशीच अडून राहते. अशी अडलेली जागा वाढत जाऊन कपाट भरले की काम ई३७ या क्रमांकाच्या 'अ‍ॅबेंड'ने, म्हणजे असामान्य समाप्तीने, कोसळते. त्यावरचा उपाय म्हणजे आयईबीकॉपीला मूळ आणि नक्कल म्हणून एकच डेटासेट देणे. मग ती जिवंत सदस्य पुढे सरकवून मधल्या पोकळ्या मिटवते, आणि याला 'कॉम्प्रेस' म्हणतात. हे काम अर्ध्यावर रद्द केले तर काही सदस्य हललेले आणि काही न हललेले अशी कपाटाची स्थिती होऊ शकते, आणि डेटासेट 'शेअर' या सामायिक ताब्यात असताना ते चालवले तर त्याच क्षणी सदस्य वाचणाऱ्या दुसऱ्या कामाच्या हाती भलताच मजकूर पडू शकतो. आधी वेगळी प्रत काढावी, डेटासेट एकट्याच्या ताब्यात घ्यावा आणि मगच कॉम्प्रेस करावा, हा नियम अनुभवी माणसे कधी मोडत नाहीत. पीडीएसई या पुढच्या पिढीच्या प्रकारात मोकळी झालेली जागा आपोआप वापरात येते, त्यामुळे तेथे हा खटाटोप उरत नाही.

१९७० च्या दशकात आलेल्या व्हीसॅम या पद्धतीने तिसरी तऱ्हा आणली. तिच्यातील केएसडीएस या प्रकारात नोंदी किल्लीच्या, उदाहरणार्थ खातेक्रमांकाच्या, क्रमाने राहतात आणि कोणतीही नोंद किल्लीवरून थेट गाठता येते. या डेटासेटचा सगळा कारभार आयडीकॅम्स ही युटिलिटी पाहते आणि तिच्या नक्कल करणाऱ्या आदेशाचे नाव 'रेप्रो'. व्हीसॅमवरून सलग डेटासेटवर, उलट दिशेने, आणि व्हीसॅमवरून व्हीसॅमवर अशा सर्व नकला रेप्रो करतो. अमुक किल्लीपासून तमुक किल्लीपर्यंत एवढाच तुकडाही तो उचलतो. नव्या नोंदी घुसून केएसडीएसमधील जागा संपली की तो आपल्या ब्लॉकसदृश कप्प्यांचे दोन तुकडे करत जातो आणि कालांतराने विस्कळीत होतो. रेप्रोने सर्व नोंदी बाहेर काढून, डेटासेट नव्याने रचून, त्यात परत भरल्या की ही विस्कटलेली घडी बसते. नक्कल मुळापेक्षा नीटनेटकी निघण्याचे हे उदाहरण आहे, आणि 'अस्सल बरहुकूम' या शब्दांच्या काटेकोर अर्थाने ती अस्सल बरहुकूम नाही.

रेप्रोच्या अडचणीही ठरीव आहेत. रिकाम्या केएसडीएसमध्ये भरायच्या नोंदी किल्लीच्या चढत्या क्रमानेच याव्या लागतात, म्हणून आधी वर्गवारीची पायरी घालावी लागते. केएसडीएसमधील कमीअधिक लांबीच्या नोंदी सलग डेटासेटमध्ये उतरवताना प्रत्येक नोंदीपुढे तिची लांबी सांगणारे चार बाइट जोडले जातात, त्यामुळे २०० बाइटांच्या कमाल नोंदीसाठी २०४ बाइटांची लांबी लिहावी लागते; हे चार बाइट विसरणे ही नवशिक्यांची हमखास चूक. ज्यात एकही नोंद कधी भरलेली नाही असा केएसडीएस मूळ म्हणून दिला तर तो उघडतच नाही आणि काम बारा या निकालाने अडते, जरी 'आज एकही व्यवहार झाला नाही' एवढाच त्याचा निरागस अर्थ असला तरी.

डीएफएसएमएस-डीएसएस, म्हणजे एडीआरडीएसएसयू हा प्रोग्रॅम, नोंदींच्या भानगडीत शक्यतो पडत नाही. त्याच्या लेखी मूळ म्हणजे तबकडीवरील ट्रॅक आणि सूचीतील नावे. एकाच उपसर्गाने सुरू होणारे शेकडो डेटासेट, सलग, विभाजित आणि व्हीसॅम असे सरमिसळ, एका आदेशाने नव्या नावांवर उतरवायचे असतील तर त्याच्या तोडीचा प्रोग्रॅम आयबीएमच्या पेटीत दुसरा नाही. व्हीसॅमच्या मुख्य डेटासेटबरोबर त्याचे पर्यायी निर्देशांकही 'स्फिअर' या शब्दाने तो सोबत नेतो, जे रेप्रो करत नाही. फ्लॅशकॉपीची सोय असलेल्या साठवणयंत्रावर तर तो नकलेचे काम यंत्राकडेच सोपवतो. मूळ आणि नक्कल यांचे नाते क्षणात जुळते आणि प्रत्यक्ष मजकूर मागाहून सावकाश सरकतो. मात्र नोंदींतून निवड करायची असेल, त्यांची लांबी किंवा प्रकार बदलायचा असेल तर डीएसएसकडे जाऊन उपयोग नाही. ते डीएफसॉर्टचे क्षेत्र. डीएसएसमध्ये सामर्थ्याइतकाच धोकाही आहे. नावाच्या शेवटी दोन तारे लिहिले की त्या उपसर्गाखालचे सगळे डेटासेट त्यात येतात, आणि सोबत 'डिलीट' हा शब्द असेल तर नक्कल झाल्यावर मुळे पुसली जातात. 'टायपरन=नोरन' असे लिहून आधी नुसती निवड पाहून घेण्याची सोय त्यात आहे; ती न वापरणे हा निव्वळ आळस होय. एफडीआरसारखी इतर कंपन्यांची उत्पादने याच कामात डीएसएसशी स्पर्धा करतात. डीबी२ या डेटाबेस प्रणालीचे टेबलस्पेस व्हीसॅममध्येच राहत असले, तरी त्यांना यांपैकी कोणत्याही मार्गाने हात लावण्यापूर्वी डीबी२च्या स्वतःच्या युटिलिटींचा विचार करावा.

महाराष्ट्राचा या विषयाशी आलेला संबंध मुख्यतः नोकरीच्या वाटेने आला. आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडला, तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे गेली, आणि १९९२ मध्ये टाटांबरोबरच्या भागीदारीतून आयबीएम परत आली. त्याच दशकाच्या अखेरीस, वर्षाचे दोनच अंक साठवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमची दुरुस्ती करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर भारतात आले, तेव्हा अंधेरीच्या सीप्झमध्ये आणि पुण्यात असंख्य तरुणांनी कोबॉल व जेसीएल शिकून घेतले. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्याच्या वेळापत्रकानुसार हिंजवडीत सकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्यामुळे तिकडच्या बँकेची रात्रीची कामे कोसळली की ती उभी करण्याचे काम येथे भर दिवसा करता येते. या मंडळींच्या बोलीत 'जॉब अ‍ॅबेंड झाला', 'बी-३७ आला, स्पेस वाढव', 'स्टेपपासून रीस्टार्ट कर' ही वाक्ये इतकी रुळली आहेत की त्यांत परके काही वाटत नाही.

या कामांत वरचेवर येणारी मागणी म्हणजे प्रत्यक्ष व्यवहारांचा डेटासेट चाचणीसाठी उतरवून देणे, आणि येथे तांत्रिक निवडीइतकाच सुरक्षेचा मुद्दा येतो. रॅकफ ही मेनफ्रेमची राखणदार प्रणाली डेटासेटला त्याच्या नावावरून ओळखते. खातेदारांच्या मूळ डेटासेटभोवती कितीही कडक पहारा असला तरी त्याची नक्कल चाचणीच्या उपसर्गाखाली गेली की तिला त्या उपसर्गाचा, बहुधा सैल, पहारा लागू होतो. मजकूर तोच आणि राखण निराळी, असा हा प्रकार आहे. म्हणून अशा नकलेसाठी रेप्रो किंवा आयईबीजेनर सोपे असले तरी डीएफसॉर्ट अधिक योग्य, कारण त्यात नोंदी उतरवता उतरवताच नाव, पत्ता, खातेक्रमांक यांचे रकाने झाकता येतात आणि उघडा मजकूर तबकडीवर कधी उमटतच नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा भारतीय कायदा आणि २०१८ पासून लागू असलेला युरोपीय नियम यांच्यानंतर ही केवळ शिस्तीची बाब उरलेली नाही.

शेवटी पडताळणी. रेप्रो आपल्या अहवालात किती नोंदी हाताळल्या तो आकडा छापतो. डीएफसॉर्ट, आणि त्याच्यामार्फत चालणारा आईसजेनरही, आत किती आल्या व बाहेर किती गेल्या ते दोन्ही आकडे देतो. आयईबीकॉपी सदस्यांची नावे एकेक करून लिहिते, डीएसएस डेटासेटांची. खरी आयईबीजेनर मात्र आकडा देत नाही. ती फक्त माहिती संपल्याचे सांगते, आणि शून्य नोंदी उतरवल्या तरी तेवढेच सांगते. २०२३ मध्ये आलेल्या झेड/ओएसच्या ३.१ या आवृत्तीबरोबरही ती येते, दारांची नावे सिसयूटी१ आणि सिसयूटी२ हीच आहेत, आणि नोंदी मोजण्याचे काम अजून चालवणाऱ्याकडेच आहे.